काटा हलत नाही, तेव्हा नेम कसा टिकवायचा?



चातुर्मास सुरू झाला आहे. कोणी चहा सोडला, कोणी रात्रीचं जेवण, कोणी रोज चालायचं ठरवलं. गेल्या पंधरा दिवसांत आपल्या इंदूरच्या ग्रुपवर आणि घरी फोनवर अनेक भगिनींनी एकच गोष्ट विचारली : "ताई, नेम तर पाळतोय, पण वजन उतरतच नाही. मग कशासाठी करायचं?" हा प्रश्न आम्हाला नवा नाही, कारण संक्रांतीपासून आम्ही सहा जणी याच वाटेवर आहोत. म्हणून या अंकाचा अभ्यास याच विषयावर. यात आमची एक मोठी चूकही सांगणार आहोत. ती झाकून ठेवली तर या लेखाचा काही उपयोग नाही.

*१. आधी समजून घेऊ : काटा थांबतो का?*

सुरुवातीच्या एक-दोन आठवड्यांत वजन भराभर उतरतं. आमच्यातल्या प्रत्येकीचं दीड-दोन किलो कमी झालं होतं आणि आम्हाला वाटलं, जमलं की! पण त्या उतरलेल्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो. आपलं शरीर यकृतात आणि स्नायूंत थोडी साखर साठवून ठेवतं, आणि त्या साठ्याच्या दर ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. आपण कमी खायला लागलो की आधी हा साठा वापरला जातो आणि पाणी सुटतं. चरबीची पाळी नंतर येते, आणि चरबी सावकाश जाते.

किती सावकाश? एक किलो चरबीत अंदाजे ७७०० कॅलरी असतात. आता घरचाच हिशोब करू. दिवसाला चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. चमचाभर साखर म्हणजे सुमारे २० कॅलरी. साखर निम्मी केली तर दिवसाला ८० कॅलरी वाचल्या, महिन्याला २४००. म्हणजे फार तर तीनशे ग्रॅम. काट्यावर तीनशे ग्रॅम दिसतही नाहीत! आदल्या रात्री लोणचं-पापड झाले, पोट साफ झालं नाही, तरी सकाळी किलोभर इकडेतिकडे होतं. आपली खरी मिळकत त्या गोंधळात लपून जाते. ती झालेली असते, फक्त दिसत नाही.

दुसरं कारण असं की वजन जसं कमी होतं तशी शरीराची गरजही कमी होते. ७६ किलोच्या देहाला जितकं अन्न लागत होतं तितकं ७३ किलोच्या देहाला लागत नाही. शिवाय शरीर थोडं काटकसरीनं वागू लागतं. म्हणून तेच खाणं, तेच चालणं असूनही काटा मध्येच बसून राहतो. यात तुमची श्रद्धा कमी पडली असं काही नाही. शरीराचा स्वभावच तसा आहे.

पन्नाशीनंतर आपल्या बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते. पाळी गेल्यावर चरबी पोटाभोवती जास्त साठते आणि स्नायू हळूहळू कमी होतात. सुनेचं दोन महिन्यांत पाच किलो उतरलं म्हणून आपलंही उतरेल, हा हिशोब चुकतो. आणि थायरॉइड असेल किंवा काही औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावं. उगाच स्वतःला दोष देत बसू नये.

*२. आमची चूक*

आम्ही असं ठरवलं होतं की दर सोमवारी सत्संगानंतर केंद्रातल्या काट्यावर सगळ्यांनी वजन करायचं आणि आकडा ग्रुपवर टाकायचा. उतरलं त्यांना टाळ्या, फुलं. पहिला महिना मोठ्या आनंदात गेला. रामबागेतून, लोकमान्य नगरातून पहाटे निघून बगीच्यात चार-चार फेऱ्या व्हायच्या.

मग चैत्र-वैशाख आला. लग्नं, आमरस, पाहुणे. सगळ्यांचेच आकडे थांबले. आमच्यातल्या एक मावशी आहेत, वय अडुसष्ट, मधुमेहाच्या गोळ्या चालू. एका सोमवारी त्यांचं वजन चारशे ग्रॅमनं वाढलेलं निघालं. ग्रुपवर गंमत म्हणून कोणी तरी लिहिलं, "मावशी, लग्नातले गुलाबजाम दिसतायत हं!" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. ते लिहिणारं 'कोणी तरी' म्हणजे हा लेख लिहिणारे आम्हीच.

मावशी काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं. एकादशीला तर पाण्यावर राहिल्या, आणि सकाळची गोळी मात्र नेमानं घेतली. दुपारी जिन्यात त्यांना दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरू लागले. सुनेनं प्रसंगावधान राखून साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं. साखर फार खाली गेली होती. त्यानंतर पाच आठवडे मावशी सत्संगाला आल्या नाहीत. "गुडघा दुखतोय" असा निरोप यायचा.

शेवटी आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्या हळूच म्हणाल्या, "अगं, मला उपाशी राहायचं कष्ट नव्हते. पण सोमवार आला की छातीत धडधडायचं. देवासमोर बसायला येत होते मी, परीक्षेला नाही."

आम्हाला काय बोलावं ते सुचलं नाही. आम्ही त्यांच्या पाया पडलो आणि माफी मागितली. त्या रात्री झोप लागली नाही. वाटत राहिलं, त्या दिवशी जिन्यात सूनबाई घरी नसत्या तर?

म्हणून पहिला धडा हा : *ज्याच्या मागे लाज आहे तो नेम टिकत नाही, आणि टिकला तर अंगावर येतो.* आणि ज्यांना मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या, इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करूच नये. गीतेच्या सहाव्या अध्यायातही हेच समजावलं आहे की अति खाणाऱ्याला जसा योग साधत नाही, तसा अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही.

*३. मग मोजायचं काय?*

आम्ही वही बदलली. ग्रुपवर आकडे टाकणं बंद केलं. वजन महिन्यातून दोनदा, तेही घरी, सकाळी उठल्यावर, ज्याचं त्यानं. आणि वहीत रोज फक्त तीन खुणा : आज चाललो का? रात्रीचं जेवण आठच्या आत झालं का? ताटात वरण, उसळ, दही किंवा पनीर यांपैकी काही होतं का? कारण या तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. काटा आपल्या हातात नाही.

जपाचंही असंच नाही का? माळ किती ओढली ते आपण सांगू शकतो. मन किती शुद्ध झालं ते रोज मोजायला बसलो तर जपही सुटेल आणि शांतीही.

याशिवाय महिन्यातून एकदा या गोष्टी पाहायच्या :

• कंबरेचा घेर. आपल्या भारतीय बायकांसाठी ८० सेंटीमीटरच्या आत आणि पुरुषांसाठी ९० च्या आत असावा, असं डॉक्टर सांगतात. काटा थांबलेला असतानाही पुष्कळदा टेप कमी दाखवते.
• जिना चढताना धाप लागते का, मांडी घालून किती वेळ बसता येतं, उठताना हात टेकावा लागतो का.
• डॉक्टर सांगतील तेव्हा साखर, रक्तदाब, चरबीची तपासणी.

गुडघेदुखीवाल्यांनी एक हिशोब लक्षात ठेवावा. एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. म्हणजे तीन किलो 'फक्त' उतरले म्हणणाऱ्या ताईंच्या गुडघ्याला दर पावलाला बारा किलोंचा आराम आहे!

आता एक अभ्यास सांगतो, ज्यानं आम्हाला फार धीर दिला. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांचा अभ्यास केला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी खाण्यात बदल केला आणि चालणं वाढवलं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं. आणि खास गोष्ट म्हणजे त्यांचं वजन काही फारसं कमी झालं नव्हतं! काटा तिथेच, पण आत काम झालं होतं. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच एका मोठ्या अभ्यासात वजन सात टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढंच ध्येय दिलं होतं. तिथे मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं.

म्हणजे वीस किलो उतरवायचे नाहीत. पाच ते सात टक्के पुरे. आमचं स्वतःचं उदाहरण देतो. संक्रांतीला ७६.४ होतो, आज ७२.२ आहोत. सहा महिन्यांत ४.२ किलो, म्हणजे आठवड्याला एकशेसाठ ग्रॅम, आणि मध्ये सात आठवडे एक ग्रॅमही हलला नाही. पूर्वी याला आम्ही अपयश म्हटलं असतं. हिशोब केला तर हे साडेपाच टक्के होतात.

*४. खंड पडला तर*

इंदूरमध्ये राहून पोहे-जिलेबी कायमची सोडतो असं कोणी म्हटलं तर ते खरं मानू नका. पाहुणे आले की सराफ्यात जाणं आलंच. थंडीत गराडू, पावसात भुट्ट्याचा कीस. हे आपल्या गावाचं प्रेम आहे, त्याला पाप म्हणू नये. आम्ही एवढंच ठरवलं : *एक दिवस चुकला तर चालेल, लागोपाठ दोन नाही.* रविवारी जिलेबी झाली तर सोमवारी शिक्षा म्हणून उपास करायचा नाही. सोमवारी आपलं नेहमीचं जेवण आणि नेहमीचं चालणं. बस्स.

श्रावणात आणखी एक फसगत होते. उपासाच्या नावावर साबुदाण्याची खिचडी, वर फराळी चिवडा, तळलेले बटाटे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात तूप आणि दाणे. उपास करून वजन वाढतं ते इथे. त्याऐवजी भगर (इकडे आपण मोरधन म्हणतो), राजगिऱ्याची भाकरी, दही, काकडी, दुधी असं घेता येतं. खिचडी आवडत असेल तर वाटीभर घ्या, पण ताटभर नको.

आणि काटा महिना-दीड महिना थांबलाच, तर खाणं आणखी कमी करत बसू नका. एखादी गोष्ट बदलून पाहा. आम्ही चालण्यात दहा मिनिटं वाढवली, आणि खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा सुरू केलं. स्नायू राहिले तर पुढची वाट सोपी होते.

*५. घरच्या मंडळींना विनंती*

हा ग्रुप सगळं कुटुंब वाचतं, म्हणून सांगतो. "काही फरक दिसत नाही हं" हे वाक्य घरात बोलू नका. आणि "एवढ्यानं काय होतंय, घे अजून एक" हेही नको. त्याऐवजी संध्याकाळी चपला घालून म्हणा, "चल, मीही येतो." आमच्या घरी हे झालं तेव्हापासून चालणं चुकलेले दिवस बोटांवर मोजण्याइतके आहेत.

मावशी आता पुन्हा येतात. डॉक्टरांनी त्यांच्या गोळीची वेळ आणि जेवण नीट बसवून दिलं आहे. सहा महिन्यांत त्यांचं वजन जेमतेम पावणेदोन किलो उतरलं. पण गेल्या गुरुवारी केंद्राचा जिना त्या मध्ये न थांबता चढल्या, आणि वर येऊन आम्हालाच म्हणाल्या, "काय गं, दमलीस?" त्या दिवशी ग्रुपवर कोणी आकडा टाकला नाही, पण आम्ही सगळ्या फार हसलो.

*चिंतनासाठी प्रश्न* (घरात एकत्र बसून बोलावे)

१. मी हे कोणासाठी करतो आहे? लोकांनी पाहावं म्हणून, की पुढची दहा वर्षं स्वतःच्या पायांवर चालावं म्हणून?
२. मी कधी कोणाच्या शरीरावरून गमतीनं बोललो आहे का? त्याची माफी मागायची राहिली आहे का?
३. वजन सोडून गेल्या तीन महिन्यांत माझ्यात काय सुधारलं? निदान दोन गोष्टी लिहा.

*या आठवड्याचा अभ्यास*

एक वही घ्या. तीनच खुणा ठरवा, ज्या आपल्या हातात आहेत. सात दिवस काट्यावर उभं राहू नका. आठव्या दिवशी खुणा मोजा. सातपैकी पाच असतील तर समाधानानं पुढे चला. तीन असतील तर नेम जरा लहान करा, पण सोडू नका.

आपले अनुभव ग्रुपवर जरूर कळवा. फक्त आकडे नकोत.

आपल्या सेवेत,
अभ्यास विभागातील भगिनी 🙏