दिवाळीचा साबण गणपतीतच

उटण्याच्या वासाचा साबण दिवाळीला हवा असेल, तर अनंत चतुर्दशीलाच कामाला लागा. नरकचतुर्दशीपर्यंत साधारण दीड महिना मिळतो आणि साबण मुरायला चार आठवडे तरी लागतातच. (कॉन्व्हेंटमुळे मला ‘सॅपोनिफिकेशन’ ठाऊक होतं, ‘साबणीकरण’ हा झकास शब्द इथे आल्यावर कळला!)

५०० ग्रॅम खोबरेल तेल, ७३ ग्रॅम शुद्ध कॉस्टिक सोडा, १७० ग्रॅम पाणी. इथे अंदाजपंचे चालत नाही, सगळं काट्यावर मोजायचं. सोडा जास्त झाला तर कातडी भाजते. या हिशोबात पाचवा हिस्सा तेल मोकळं राहतं, कारण नुसत्या खोबरेलाचा साबण अंग फार कोरडं करतो.

रूमवर करू नका. लॅबमध्ये, सरांसमोर, गॉगल आणि हातमोजे घालूनच. सोडा पाण्यात हळूहळू टाकायचा. सोड्यावर पाणी ओतलंत तर उकळून अंगावर उडेल! भांडं स्टीलचंच, अ‍ॅल्युमिनियममधून हायड्रोजन सुटतो. द्रावण कोमट झालं की कोमट तेलात ओतून घोटत राहा. पातळ पिठल्यासारखं झालं की शेवटी वाळा नि नागरमोथ्याची दोन चमचे पूड घाला आणि साच्यात ओता. दुसऱ्या दिवशी सकाळीच कापा, नाहीतर वडीचे तुकडे पडतात.

आणि हो, हा साबण बोअरच्या जड पाण्यातसुद्धा फेस देतो. होस्टेलवाल्यांना आणखी काय हवं?