फुगेवाल्याचे शहाणपण

गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेच्या तीरावर मार्कंडा हे प्राचीन शिवक्षेत्र आहे. महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते. यात्रेत सकाळच्या गारव्यात घेतलेला फुगा दुपारच्या उन्हात अधिक टरारतो. आधीच तट्ट फुगवलेला असला, तर फुटतोही. "कोणी टाचणी लावली?" म्हणून मूल रडू लागते. टाचणी कोणीच लावलेली नसते. फुग्यातील हवाच तापून पसरलेली असते.

उष्णतेने हवेचे कण अधिक वेगाने धावतात आणि फुग्याच्या रबरावर जोराने आदळतात. रबर ताणले जाते, फुगा वाढतो. आतील दाब मात्र फारसा बदलत नाही.

फ्रेंच शास्त्रज्ञ जाक शार्ल यांनी १७८७ च्या सुमारास या प्रसरणाचा अभ्यास केला. १८०२ मध्ये गे-ल्युसॅक यांनी त्याचा नियम प्रसिद्ध केला. दाब कायम असता, उष्णतामान एक अंश सेल्सिअसने वाढले, की वायूचे घनफळ शून्य अंशावरील घनफळाच्या सुमारे २७३ व्या भागाने वाढते. शून्य अंशावर २७३ घन सेंटिमीटर जागा व्यापणारी हवा १५ अंशांवर २८८, तर ३५ अंशांवर ३०८ घन सेंटिमीटर जागा व्यापते. ती थंड होताच घनफळ त्याच प्रमाणात घटते.

जाणता फुगेवाला म्हणूनच फुग्यात थोडी जागा राखतो. शार्ल यांचे नाव त्याने कदाचित ऐकलेही नसेल; परंतु उघड्या डोळ्यांनी पाहता पाहता तोच नियम त्याच्या हाती आलेला असतो.