स्थलांतरित गर्भवती आणि सर्वांसाठीची आरोग्यसेवा

बंगळूर शहराच्या पूर्वेस, जुन्या मद्रास रस्त्यावर, कृष्णराजपुरम हे उपनगर आहे. लोक त्यास के. आर. पुरम म्हणतात. 1948 साली या भागाजवळ इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा कारखाना उभा राहिला. पुढे व्हाईटफील्डच्या बाजूस संगणक उद्योग वाढले आणि त्यांच्यामागून इमारतींची बांधकामे आली. या बांधकामांवर रायचूर, यादगीर, कलबुर्गी या जिल्ह्यांतून, त्याचप्रमाणे आंध्र, ओडिशा, बिहार आणि बंगालमधून माणसे येतात. ती पत्र्याच्या शेडमध्ये किंवा निळ्या ताडपत्रीखाली राहतात. त्यांच्यात विटा-वाळू वाहणाऱ्या, घरकाम करणाऱ्या स्त्रियाही असतात. अशा स्त्रीला दिवस गेले, तर तिच्या बाळंतपणाची जबाबदारी कोणाची, हा या प्रकरणाचा विषय आहे.

कायद्याने काय मिळते

1 जून 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये सरकारी रुग्णालयात बाळंत होणाऱ्या कोणत्याही स्त्रीची प्रसूती, मग ती शस्त्रक्रियेने का होईना, विनामूल्य व्हावयाची आहे. औषधे, रक्त, तपासण्या, रुग्णालयातील जेवण आणि जाण्या-येण्याचे वाहन यांचाही त्यात समावेश होतो. या तरतुदीला दारिद्र्याची वा रहिवासाची अट नाही, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. याउलट जननी सुरक्षा योजना (2005) आणि प्रधानमंत्री मातृवंदना योजना (2017) यांतून मिळणारी रोख रक्कम निरनिराळ्या अटींनी बांधलेली आहे. तेथे कागदपत्रे आणि बँकेचे खाते यांचा प्रश्न येतो.

सेवा आणि रोख मदत या दोन गोष्टी अशा रीतीने भिन्न आहेत. व्यवहारात मात्र त्यांची गल्लत होते. पैशासाठी लागणारा कागद उपचारासाठीही मागितला जातो, आणि तो जवळ नसलेली स्त्री आपण उपचारासही अपात्र आहोत असे समजून परत फिरते.

कार्डाचे महत्त्व

कर्नाटकात गर्भवतीची नोंद झाली की तिला 'तायी कार्ड' मिळते. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. रक्तदाब, वजन, रक्तातील हिमोग्लोबिन, दिलेली इंजेक्शने आणि लोहाच्या गोळ्या यांची नोंद त्यावर असते. हे कार्ड निरर्थक मुळीच नाही. हिमोग्लोबिन 11 ग्रॅमच्या खाली असल्यास रक्तक्षय आणि 7 च्या खाली असल्यास तो तीव्र समजतात. अशा स्त्रीला प्रसूतीनंतर थोडा रक्तस्राव झाला, तरी तो जिवावर बेतू शकतो. आधीच्या नोंदी हाताशी असतील, तर डॉक्टरांना रक्ताची तजवीज वेळेवर करता येते.

अडचण अशी, की नोंद स्थिर वस्तीला धरून होते. आशा कार्यकर्ती आपल्या ठरलेल्या घरांना भेटी देते. काम संपताच उठणारी शेडची वस्ती तिच्या यादीत सहजी येत नाही. दर महिन्याच्या 9 तारखेस सरकारी केंद्रांत गर्भवतींची विशेष तपासणी होते. पण त्या दिवशी गेल्यास मजुरी बुडते. त्यात भाषेचा अडसर असतो. पोटात दुखते एवढे सांगता येते. परंतु दृष्टी अंधुक होणे, पायांना सूज येणे, बाळाची हालचाल मंदावणे ही धोक्याची लक्षणे परक्या भाषेत सांगणे कठीण असते. शिवाय पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. त्यासाठी सातव्या-आठव्या महिन्यात प्रवास घडतो आणि अर्धी तपासणी येथे, अर्धी तेथे, अशी तिची फाळणी होते. मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात ऊसतोडणीस जाणाऱ्या स्त्रियांची स्थिती हीच आहे.

तुमकूरची घटना

या अडचणींचा परिणाम काय होऊ शकतो, हे नोव्हेंबर 2022 मध्ये बंगळूरपासून सुमारे सत्तर किलोमीटरवरील तुमकूर येथे दिसून आले. तमिळनाडूतून आलेली एक गर्भवती कळा सुरू झाल्यावर जिल्हा रुग्णालयात गेली. तायी कार्ड आणि आधार कार्ड नसल्यामुळे तिला दाखल करून घेतले नाही, असा आरोप झाला. ती घरी परतली, आणि तेथे तिचा व तिच्या जुळ्या बाळांचा मृत्यू झाला. डॉक्टर व परिचारिका निलंबित झाल्या, आणि तातडीच्या उपचारासाठी असे कार्ड सक्तीचे नाही, असे शासनाला स्पष्ट करावे लागले.

वास्तविक हे तत्त्व नवे नव्हते. तातडीचा उपचार नाकारणे हा जीविताच्या हक्काचा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 सालीच म्हटले होते. 2010 साली दिल्ली उच्च न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले: गरीब म्हणून एका राज्यात मान्यता मिळालेल्या व्यक्तीला दुसऱ्या राज्यात गेल्यावरही आरोग्यसेवा मिळत राहिली पाहिजे.

इतर देशांतील अनुभव

हा प्रश्न केवळ गरीब देशांचा नाही. ब्रिटनमध्ये 1948 पासून राष्ट्रीय आरोग्यसेवा आहे. तेथे इंग्लंडमध्ये बाळंतपणाची सेवा कोणासही नाकारता येत नाही; परंतु कायदेशीर वास्तव्य नसलेल्या स्त्रीकडून नंतर खर्च वसूल करण्याची तरतूद आहे. बिलाच्या भीतीने काही स्त्रिया तपासणीस उशिरा येतात किंवा येतच नाहीत. म्हणजे दार उघडे असूनही उंबऱ्यावरची भीती माणसाला अडवू शकते.

उपाय

2018-20 या काळात कर्नाटकात दर एक लाख जिवंत जन्मांमागे 69 मातांचे मृत्यू झाले. भारताचा आकडा 97, केरळचा 19 आणि महाराष्ट्राचा 33 होता. ही दरी केवळ नव्या रुग्णालयांनी भरून निघणार नाही. प्रथम उपचार आणि मग कागद, हा क्रम दारावरच्या कर्मचाऱ्यालाही ठाऊक असला पाहिजे. बांधकामाच्या जागीच सायंकाळी तपासणी व्हावी. एका राज्यातील नोंद दुसऱ्या राज्यात वाचता यावी. आणि वस्तीतील बायकांपैकीच कोणी दुभाषी म्हणून तयार करावी. यांपैकी एकही उपाय फार खर्चाचा नाही. ज्या शहराच्या इमारती या स्त्रिया उभ्या करतात, त्या शहराने त्यांना आपल्या यादीत घेणे, ही सर्वांसाठीच्या आरोग्यसेवेची पहिली पायरी होय.