तळ्याकाठी दहा आठवडे: खर्च किती, काम किती

बे एरियात किंवा लॉस एंजेलिसमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत, मुलं कॉलेजात गेली आणि निवृत्ती जवळ आली की एक बेत हमखास निघतो. जुना ट्रेलर घ्यायचा आणि अख्खा उन्हाळा सिएराच्या डोंगरात काढायचा. मग कोणीतरी सांगतं, कॅम्पग्राउंडवर होस्ट म्हणून स्वयंसेवा केली तर राहायची जागा फुकट मिळते. हे खरं आहे, पण फुकट मिळते ती फक्त जागा. बाकीच्या उन्हाळ्याला पैसे आणि मेहनत दोन्ही लागतात.

हा हिशेब दोघांसाठी आहे: जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत दहा आठवडे, पूर्व सिएरातल्या मॅमथ लेक्सच्या परिसरात. रकमा डॉलरमध्ये आणि अंदाजी आहेत.

हीच तळी का

महामार्ग ३९५ सोडून मॅमथ लेक्स गाव ओलांडलं की वर ट्विन लेक्स, लेक मेरी, लेक मेमी, लेक जॉर्ज आणि हॉर्सशू लेक ही तळी एकापाठोपाठ एक लागतात. सगळ्यांपर्यंत डांबरी रस्ता आहे, पायवाटा तिथूनच सुटतात आणि उन्हाळ्यात गावातून तळ्यांपर्यंत फुकट ट्रॉली बस धावते. दक्षिणेला कॉन्व्हिक्ट लेक, उत्तरेला जून लेकचा वळसा आहे. हा सारा भाग इन्यो राष्ट्रीय वनात मोडतो.

अडचण मुक्कामाची आहे. बर्फ वितळून पुन्हा थंडी पडेपर्यंतचा हंगाम छोटा, त्यामुळे ‘रिक्रिएशन डॉट गव्ह’वर जागा खुल्या होताच संपतात. मिळाली तरी बहुतेक ठिकाणी सलग १४ दिवसांची मर्यादा असते, काही ठिकाणी त्याहून कमी. जास्त पैसे मोजून ती वाढत नाही. होस्टला मात्र पूर्ण हंगाम एका जागी राहता येतं. स्वयंसेवेतून मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

काम काय असतं

राष्ट्रीय वनांतल्या स्वयंसेवेचा कायदा १९७२चा आहे. तुम्ही लेखी करारावर सही करता आणि ठरलेलं काम करताना इजा झाली तर संघराज्याच्या कर्मचाऱ्यांसारखं भरपाईचं संरक्षण मिळतं. म्हणून सही करण्याआधी कामाचं वर्णन नीट वाचा. त्यात जे लिहिलेलं नाही ते काम अंगावर घेऊ नका.

रोजचं काम साधं पण सततचं असतं. आलेल्यांचं स्वागत, आरक्षणाची पडताळणी, शेकोटीच्या खड्ड्यांतली राख काढणं, स्वच्छतागृहं धुणं, अन्न उघड्यावर टाकणाऱ्यांना अस्वलांबद्दल सांगणं, रात्री दहानंतर गोंगाट करणाऱ्यांना शांतपणे समजावणं. तास साधारणपणे माणशी आठवड्याला २० ते ३० असतात. शनिवार-रविवारी हमखास काम, सुट्टी मधल्या वारी. डोंगर चढायला हे उत्तमच, कारण मधल्या वारी पायवाटांवर गर्दी कमी असते.

दोन प्रकारांतला फरक समजून घ्या. काही कॅम्पग्राउंड वनखातं स्वतः चालवतं, तिथे होस्ट स्वयंसेवक असतो. अनेक ठिकाणं मात्र कंत्राटदार कंपन्या चालवतात आणि तिथला होस्ट हा पगारी नोकर असतो. जाहिरात वाचताना आधी हे पाहा. कंपनीसाठी राबायचं असेल तर पगार मागा.

अर्ज ‘व्हॉलंटियर डॉट गव्ह’ या सरकारी संकेतस्थळावर करायचा. चांगल्या जागा हिवाळ्यातच भरतात, म्हणून डिसेंबरपासून पाहायला लागा. फोनवर हे प्रश्न विचाराच: वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी आहे का? किती फुटांचा ट्रेलर मावतो? मोबाइलला रेंज येते का? गॅसचे किंवा पेट्रोलचे पैसे परत मिळतात का? पाहुणे किती दिवस राहू शकतात?

कोणाला करता येतं

नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना अडचण नाही. पुण्या-नाशिकहून पर्यटक व्हिसावर आलेल्या आईबाबांनी मात्र होस्टच्या कामाला हात लावू नये. फुकट जागा हा मोबदला धरला जाऊ शकतो. राष्ट्रीय उद्यानांची सेवा परदेशी स्वयंसेवकांना जे-१ व्हिसावरच घेते, यावरून या गोष्टीचं गांभीर्य ओळखा. एच-१बी किंवा एच-४वर असाल तर आधी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्या.

आईबाबांना फिरायला आणणार असाल तर प्रवेश शुल्काचाही विचार करा. २०२६पासून योसेमिटी, सिकोया-किंग्ज कॅन्यन यांसह ११ राष्ट्रीय उद्यानांत १६ वर्षं आणि त्यावरच्या परदेशी पाहुण्यांसाठी माणशी १०० डॉलरचं जादा शुल्क लागू झालं आहे. मॅमथची तळी राष्ट्रीय वनात असल्याने त्या यादीत येत नाहीत.

आधी गाडी पाहा, मग ट्रेलर

बरेच जण ट्रेलर आवडला म्हणून घेतात आणि मग कळतं, आपली गाडी तो ओढूच शकत नाही. टोयोटा सिएना, होंडा ओडिसी, टेस्ला मॉडेल वाय यांची ओढण्याची मर्यादा ३,५०० पौंडांच्या आसपास आहे. योग्य जोडणी असलेली हायलँडर किंवा फोर-व्हील पायलट ५,००० पौंडांपर्यंत जाते. विक्रेता सांगतो ते वजन रिकाम्या ट्रेलरचं. पाणी, गॅस, धान्य, कपडे भरले की त्यात हजारभर पौंडांची भर सहज पडते. शिवाय चढासाठी पाचवा हिस्सा ताकद राखून ठेवा. म्हणजे ५,००० पौंडांच्या गाडीमागे भरलेला ट्रेलर ४,००० पौंडांपर्यंतचा हवा. तो साधारण १६ ते १८ फुटांचा असतो आणि दोघांना पुरतो.

कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ताशी ५५ मैल आहे. १,५०० पौंडांवरच्या राहत्या ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक लागतात, म्हणून गाडीत ब्रेक कंट्रोलर बसवावा लागतो. नकाशा सोनोरा खिंडीचा रस्ता दाखवेल. तिथे २६ टक्क्यांपर्यंतचा चढ आहे, ट्रेलर घेऊन तिकडे जाऊ नका. दुसरा रस्ता टायोगा खिंडीतून जातो, पण ती केव्हा उघडेल हे बर्फावर ठरतं. २०२३ साली ती २२ जुलैला उघडली होती. त्यामुळे जूनमधल्या प्रवासासाठी वळशाचा रस्ता आणि त्याचं पेट्रोल धरूनच चाला.

विकत की भाड्याने?

सुस्थितीतला जुना छोटा ट्रेलर १५,००० डॉलरला घेतला असं धरू.

- विक्री-वापर कर (राज्याचा किमान ७.२५ टक्के, बे एरियात बहुतेक ठिकाणी ९च्या वर): सुमारे १,४००
- विमा: ४००
- हिच, वायरिंग, ब्रेक कंट्रोलर: १,०००
- पाण्याचा आणि सांडपाण्याचा पाइप, चाकांच्या पाचरी, समतल करायचे ठोकळे, विजेच्या झटक्यापासून संरक्षण: ५००
- हंगामानंतर विकताना घट: २,५००

एकूण ५,८००. तोच ट्रेलर दिवसाला ९० डॉलरने ७० दिवस भाड्याने घेतला तर ६,३००. त्यात दीर्घ मुक्कामाची सूट वजा होते आणि विमा व सेवाशुल्क वाढतं. म्हणजे पहिल्या उन्हाळ्यात दोन्ही पर्याय जवळपास सारखे पडतात. दुसऱ्या वर्षापासून स्वतःचा ट्रेलर स्वस्त पडू लागतो, पण तो उभा करायला महिन्याला शंभर डॉलर किंवा जास्त लागतात.

माझा आग्रह एवढाच, की आधी आठवडाभर भाड्याचा ट्रेलर घेऊन राहून पाहा. खरेदी नंतर. जुना ट्रेलर घेताना छताचे सांधे, खिडक्यांखालचे कोपरे आणि पलंगाखालची जमीन हाताने दाबून तपासा. तिथे मऊपणा लागला तर पाणी आत मुरलेलं आहे. किंमत कितीही कमी असली तरी तो सोडून द्या. टायरवर निर्मितीचा आठवडा आणि वर्ष कोरलेलं असतं. टायर सहा-सात वर्षांचे असतील तर नक्षी नवी दिसत असली तरी नव्यांचे पैसे धरा.

दहा आठवड्यांचा चालू खर्च

- पेट्रोल (ट्रेलरसह ६०० मैल, इतर १,५०० मैल): ७००
- गॅस, २० पौंडांच्या पाच-सहा टाक्या: १२५
- कपडे धुणं, अंघोळ: १७५
- इंटरनेट: २००
- सांडपाण्याची टाकी रिकामी करणं: १५०
- दुरुस्तीसाठी राखीव: ५००
- किराणा: १,६५०

बेरीज ३,५००. त्यातला किराणा घरीही लागलाच असता. ट्रेलरचा खर्च मिळवला तर पहिल्या उन्हाळ्याला साधारण ९,३०० डॉलर लागतात. महामार्ग ३९५वरच्या लहान गावांत पेट्रोल फार महाग मिळतं. टाकी मोठ्या गावातच भरून घ्या.

सेवेचा मोबदला किती पडतो

दोघांनी आठवड्याला २५-२५ तास दिले तर दहा आठवड्यांत ५०० तास होतात. वनातली साधी जागा रात्रीला ३० डॉलर धरली तर ७० रात्रींचे २,१०० वाचतात, म्हणजे तासाला चार डॉलर. सर्व जोडण्या असलेल्या खासगी आरव्ही पार्कशी तुलना केली आणि रात्रीला ८० धरले तर ५,६०० वाचतात, म्हणजे तासाला अकरा. कॅलिफोर्नियाचं किमान वेतन तासाला १६ डॉलरच्या वर आहे. तेव्हा पैसे वाचवण्यासाठी होस्ट होऊ नका. त्यापेक्षा घरी राहून थोडी अर्धवेळ नोकरी केलेली बरी.

होस्ट व्हावं ते दोन कारणांसाठी. एक, तळ्याकाठचे ७० सलग दिवस, जे दुसऱ्या मार्गाने मिळत नाहीत. दुसरं, ही जंगलं सगळ्यांची आहेत आणि ती स्वच्छ, सुरक्षित ठेवायला माणसं कमी पडतात. स्वच्छतागृह नीट धुतलेलं असलं तर लोक झाडामागे जात नाहीत, आणि तळ्याचं पाणी चांगलं राहतं. या कामाला मी मनापासून प्रतिष्ठेचं काम मानतो. ते कमीपणाचं वाटत असेल तर हा बेत आखू नये.

एक छोटी भेटही आहे. संघराज्याच्या सहभागी खात्यांत २५० तास सेवा केली की वर्षभराचा प्रवेशपास मिळतो. वरच्या हिशेबात दोघांचेही नेमके २५० तास भरतात. हाच पास रहिवाशांना विकत ८० डॉलरला पडतो. वय ६२ झालं असेल तर नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना ८० डॉलरमध्येच आजीवन पास मिळतो आणि त्यावर सरकारी कॅम्पग्राउंडचं भाडं बहुधा निम्मं होतं.

उंची, कुकर आणि अस्वल

लेक मेरी सुमारे ८,९०० फुटांवर आहे. कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट, म्हणजे इथला मुक्कामच त्याहून कितीतरी वर. पहिले दोन दिवस चढाई करू नका, पाणी भरपूर प्या. रक्तदाब, हृदय किंवा श्वासाचा त्रास असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांशी बोला. आरोग्यविमा तिथे कितपत चालतो हेही विचारून ठेवा.

या उंचीवर पाणी सुमारे ९१ अंश सेल्सियसलाच उकळतं. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर ठेवली तरी कच्चटच राहते. प्रेशर कुकर न्याच आणि नेहमीपेक्षा एक-दोन शिट्ट्या जास्त द्या. डाळी, पोहे, कणीक, मसाले सनीवेल, फ्रीमाँट किंवा आर्टेशियातून भरून न्या. दूध-भाजी मॅमथ गावात मिळते.

काळी अस्वलं रोज फिरतात. अन्न, तेल, साबण, टूथपेस्ट सगळं लोखंडी पेटीत ठेवायचं. माणसाच्या अन्नाला चटावलेलं अस्वल पुढे अनेकदा मारावं लागतं. त्यामुळे हा नियम त्याच्या जिवासाठी आहे.

कोणती वाट केव्हा

पहिल्या आठवड्यात कॉन्व्हिक्ट लेकची अडीच-तीन मैलांची सपाट प्रदक्षिणा करा. मग हॉर्सशूपासून मॅक्लाउड लेक, एक मैलाच्या आत. हॉर्सशूच्या काठी वाळलेली झाडं दिसतील. जमिनीतून येणाऱ्या ज्वालामुखीच्या कार्बन डायऑक्साइडने १९९० सालापासून ती मरत गेली. हा वायू खोलगट जागी साचतो, म्हणून तिथे खड्डे खणू नका, लहान मुलांना आणि कुत्र्यांना जमिनीवर झोपू देऊ नका.

जुलैत लेक जॉर्जवरून क्रिस्टल लेक आणि रॉक क्रीकच्या वरची लिटल लेक्स व्हॅली. तिची सुरुवातच १०,२०० फुटांवर आहे, पण चढ सौम्य आहे. डासांचं औषध विसरू नका. बर्फ सरल्यावर कोल्डवॉटर कॅम्पग्राउंडहून डक लेक, जाऊन-येऊन सुमारे १० मैल. दुपारी वीज कडाडते, म्हणून बाराच्या आत वाटेतली खिंड उतरायला लागा.

दिवसाच्या या चालींना परवाना लागत नाही. रानात रात्र काढायची तर आरक्षणाचे ६ आणि माणशी ५ डॉलर. सोबत अस्वलाला न उघडणारा डबा लागतो, तो भाड्यानेही मिळतो. ऑगस्टमध्ये वणव्यांच्या धुराने काही दिवस वाया जातात, ते गृहीत धरा.

क्रम असा ठेवा

सप्टेंबरमध्ये भाड्याच्या ट्रेलरमध्ये आठवडाभर राहा. ऑक्टोबरात गाडीची क्षमता पडताळा. डिसेंबरात अर्ज करा. जागेची लेखी खात्री मिळाली आणि तिथे किती फूट मावतात हे कळलं की मगच ट्रेलर घ्या. मे महिन्यात घराजवळ दोन रात्री राहून प्रत्येक नळ, शेगडी आणि ब्रेक तपासा. एवढं करूनही दोघांपैकी एकाचं मन होत नसेल, तर नऊ हजार डॉलर खर्चू नका. दोघंही तयार असाल तर अर्ज जरूर करा.