तिसऱ्या वर्षांतील मूल

पहिल्या वर्षीं मुलाच्या वाढीवर सगळ्या घराचा डोळा असतो. दांत कोणत्या महिन्यांत आला, पहिलें पाऊल कोणत्या सणाच्या सुमारास टाकलें, हें आजीस तोंडपाठ असतें. मग दोन वर्षें पुरीं होतात, मूल आपल्या पायांनीं अंगणांत हिंडूं लागतें, बहुधा पाठचें भावंड पोटीं येतें, आणि "आतां हें मोठें झालें" म्हणून जो तो आपल्या कामास लागतो. खेड्यापाड्यांत फिरतांना आम्हांस असें दिसतें कीं, हें जें तिसरें वर्ष, तें कोणाच्याच वांट्यास येत नाहीं.

या वर्षांत वाढ मंदावते हें खरें, आणि तें स्वाभाविकही आहे. निकोप मुलाचें वजन पहिल्या बारा महिन्यांत जन्मवेळच्या सुमारें तिप्पट होतें; तिसऱ्या सबंध वर्षांत मात्र त्यांत दोन-अडीच किलोंचीच भर पडते, व उंची नऊ सेंटिमीटरांच्या आसपास वाढते. जागतिक आरोग्य संघटनेनें २००६ सालीं जीं मानकें प्रसिद्ध केलीं, त्यांत मुलग्याचें मधलें वजन दोन वर्षांस १२.२ किलो व तीन वर्षांस १४.३ किलो दिलें आहे, मुलीचें ११.५ व १३.९. याहून थोडें कमी असलें म्हणजे मूल आजारी, असा याचा अर्थ नव्हे. पाहावयाचें तें हें कीं, वजनाची रेघ महिन्यामागून महिना वर चढते कीं नाहीं. महिन्याची वाढ जेमतेम दोनशे ग्रॅम. ती आईच्या डोळ्यांस कशी दिसावी? तीन महिने वजन जागच्या जागीं राहिलें तरी मूल खेळतें, हंसतें, आणि घरांत कोणासही शंका येत नाहीं. म्हणून कांटा पाहिजे.

कांटा वापरण्यास डॉक्टरच लागतो असें नव्हे, हें आमच्याच जिल्ह्यांत दिसून आलें. १९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें जामखेड येथें कार्य आरंभिलें. गांवांनीं निवडलेल्या स्त्रिया त्यांनीं आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. त्यांतील पुष्कळजणींस अक्षरओळखही नव्हती. तरी मूल तोलणें, वाढ खुंटलेलें मूल ओळखणें व त्याच्या आईस खाऊं घालण्याची रीत सांगणें, हें सर्व त्या करूं लागल्या. १९७९ सालीं या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

आज गांवोगांवीं अंगणवाडी आहे. परंतु एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. १९७५ सालीं सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेंत तीन ते सहा वर्षांचीं मुलें अंगणवाडींत बसून गरम अन्न खातात. त्याहून लहानांचा आहार घरीं नेण्यास मिळतो. म्हणजे तिसऱ्या वर्षांतील मूल आईच्या दुधावरून उतरलेलें, अंगणवाडीच्या पंक्तीस अजून न बसलेलें, आणि त्याच्या नांवाची पिशवी घरांतील सर्वांच्या ताटांत वांटली जाणार. यांत कोणाची लबाडी नसते. भूक सर्वांसच असते. तरी ती पिशवी त्या मुलाची आहे, हें घरच्या कर्त्यानें पाहावें.

या वयांत पोट लहान असतें. मोठ्यांबरोबर दोनदां बसविल्यानें भागत नाहीं. दिवसांत पांच वेळां थोडें थोडें द्यावें. कोरडी भाकरी चघळून मूल दमतें व अर्धपोटीं उठतें. तीच वरणांत कुस्करून, वर चमचाभर तेल व शेंगदाण्याचा बारीक कूट घालून दिली, म्हणजे थोड्या घासांत अधिक बळ जातें. अंडें मिळाल्यास उत्तम. अख्खा शेंगदाणा किंवा फुटाणा मात्र देऊं नये. तो श्वासनलिकेंत अडकून प्राणावर बेततें. चहाविषयीं इतकेंच सांगतों कीं, तो भूक मारतो.

शरीर हळू वाढतें त्याच वर्षीं वाचा धांव घेते. दोन शब्द जोडणारें मूल वर्षअखेरीस तीन-चार शब्दांचें वाक्य बोलतें, व परक्यासही त्यांतील बरेंचसें कळतें. "मी", "माझें", "नको" हे शब्द दिवसभर चालतात. पुष्कळ मायबाप यास दुष्टपणा समजून छडी उगारतात. वास्तविक आपण वेगळा जीव आहों, हें त्यास नुकतें उमगूं लागलेलें असतें. दोन अंगरख्यांतून कोणता घालावयाचा तें त्यास विचारावें; आग, विहीर व रस्ता यांविषयीं मात्र आपलें "नाहीं" ढळूं देऊं नये. तीन वर्षें होत आलीं तरी मूल दोन शब्द जोडीत नसेल, तर "त्याचा बापही उशिरांच बोलला" म्हणून स्वस्थ बसूं नये. कान तपासून घ्यावेत.

पाथर्डी, शेवगांव व जामखेडकडील ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांस आमचें एक विशेष सांगणें आहे. दिवाळीच्या सुमारास आपण कारखान्यांवर जातां, आणि पांच-सहा महिने मूल फडाच्या कडेस व कोपींत वाढतें. तिसऱ्या वर्षाचा जवळजवळ अर्धा भाग असा कांट्यावांचून जातो. निघण्यापूर्वीं अंगणवाडीताईंकडून वजन करवून तें कार्डावर लिहून घ्यावें, कार्ड बरोबर न्यावें, व जेथें कोपी पडेल तेथील अंगणवाडींत दाखवावें. तेथें दंडाचा घेरही मोजून घ्यावा. तो १२.५ सेंटिमीटरांहून कमी भरल्यास मूल अशक्त झालें असें समजावें, ११.५ हून कमी भरला, किंवा दोन्ही पायांवर सूज दिसली, तर तोड सोडून त्याच दिवशीं त्यास दवाखान्यांत न्यावें. मुकादमाशीं काय बोलावयाचें तें मागाहून बोलतां येईल.