सोलानीचा मातीवाहू लोहमार्ग

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास निघालेल्या आगगाडीला एकवीस तोफांची सलामी मिळाली. ती उतारूंची पहिली गाडी होय. परंतु रुडकीजवळ वाफेचे इंजिन तत्पूर्वीच धावू लागले होते, आणि तेही मातीच्या वाघिणी ओढीत.

१८३७-३८ च्या दुष्काळात दोआबात व आसपास सुमारे आठ लाख माणसे दगावली, असा अंदाज आहे. त्यानंतर प्रोबी कॉटली यांच्या गंगा कालव्याच्या योजनेस चालना मिळाली. मार्गातील सर्वांत बिकट अडथळा सोलानी नदीचा. तिच्यावर पंधरा कमानींचा जलसेतू बांधून आणि सखल खोऱ्यात उंच बांध घालून पाणी पलीकडे न्यावयाचे होते. बांधाला माती लागे ती अपरंपार. ती पिरान कलियरच्या बाजूने आणण्यासाठी रूळ टाकण्यात आले. आरंभी वाघिणी ओढण्याचे काम माणसांकडे व घोड्यांकडेच होते.

२२ डिसेंबर १८५१ रोजी ‘थॉमसन’ हे इंजिन कामास लागले. प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरांचे नाव त्यास दिलेले होते. मात्र काही महिन्यांतच त्याचा बाष्पक फुटला! १८५४ च्या एप्रिलमध्ये कालव्यात पाणी सुटले. रुळांचे प्रयोजन संपले होते. जलसेतूवरून गंगेचे पाणी आजही वाहते.