प्लेक्टिन : त्वचेची वीण राखणारे प्रथिन

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात त्वचेचे सात थर वर्णिले आहेत. त्वचेचे थर घर्षणाने सुटे का होत नाहीत, या प्रश्नाचे एक उत्तर आधुनिक पेशीविज्ञान देते.

त्वचेच्या तळपेशींत केराटिन तंतूंचे जाळे असते. हे तंतू पेशीच्या तळाशी बांधून ठेवण्याचे कार्य प्लेक्टिन हे प्रथिन करते. ते एकीकडे तंतूंना, तर दुसरीकडे पेशीपटलातील इंटिग्रिनला धरते. इंटिग्रिन पेशीला खालच्या आधारपटलाशी जखडते. स्नायुपेशींतही प्लेक्टिन डेस्मिन तंतूंना आधार देते. म्हणूनच १९९६ साली या प्रथिनाच्या जनुकातील दोष आढळला, तेव्हा त्वचेवरील फोड आणि त्यासोबतचे स्नायुदौर्बल्य या दोहोंचे कारण एकच असल्याचे उमगले. या प्रकारात दोष मातापिता दोघांकडून येतो. ते स्वतः मात्र निरोगी असतात.

वाशिम परिसरात बाळाला तेल लावून, चोळून न्हाऊ घालण्याची रीत आहे. निरोगी बाळास सौम्य अभ्यंग हितकर होय. परंतु जन्मतः किंवा किंचित घर्षणाने फोड येणाऱ्या बाळास तो अपायकारक ठरतो. अशा बाळास मर्दन व उटणे वर्ज्य करावे. उचलताना काखेत न धरता पाठ व नितंब यांखाली हात द्यावा. औषधविक्रेत्यांनी चिकटपट्टीऐवजी न चिकटणारी मलमपट्टी सुचवावी. जंतुसंसर्गानेही फोड येतात. म्हणून निश्चित निदानासाठी बाळास त्वरित अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी पाठवावे.

तुटलेला दुवा कोणतेही तैल सांधू शकत नाही. येथे घर्षण हाच हेतू. निदानपरिवर्जन हीच प्रथम चिकित्सा.